पायथ्याची जागा

म्हातारीला ओकारी आली तेव्हा आम्ही सहा-सातजण तिच्या पलंगाभोवती उभे होतो. उजव्या हाताला सर, वॉर्डाचे मोठे डॉक्टर. त्यांच्या मागं दोन शिकाऊ डॉक्टर, मग सिस्टर, मग आम्ही तिघं. युनिव्हर्सिटीतून आलेले, पीएच.डी. करणारे. आमचा पहिलाच आठवडा होता. म्हातारीला घोणस चावलेली. पाय मांडीपर्यंत सुजलेला. सर तिच्या पायाबद्दल काहीतरी सांगत होते आणि तिनं मान वळवली.

मी वाकले.

कुणी सांगितलं नव्हतं. पलंगाखालचं तसराळं माझ्या हातात कधी आलं, तिच्या हनुवटीखाली कधी गेलं, मला कळलं नाही. दुसरा हात तिच्या पाठीवर. अर्धं तसराळ्यात पडलं, अर्धं माझ्या कोऱ्या ॲप्रनवर. मग फडकं घेतलं. तिचं तोंड पुसलं. फरशी पुसली. उठून बघते तर सगळे माझ्याकडं बघत होते.

सर खूश होते. बाकीच्यांकडं वळून म्हणाले, "बघितलंत? सांगावं लागलं नाही. हे शिकवून येत नाही. रक्तात असावं लागतं."

दोघं-तिघं हसले. कुत्सित हसले असते तर बरं झालं असतं. कौतुकानं हसले. आणि मीही हसले. ते माझं हसू आठवलं की अजून कान तापतात.

मी इथं का होते ते सांगते.

मी सापाच्या विषावर काम करते. घोणस चावली की माणसाचं रक्त गोठायचं थांबतं. हिरड्यांतून येतं, लघवीतून येतं. कुणाचं रक्त लवकर ताळ्यावर येतं, कुणाचं येतच नाही. हा फरक का पडतो, एवढाच माझा विषय. विषय मी पुस्तकातून उचलला नाही. आमचं गाव संतपूर. सोयाबीन काढताना, तुरीत खुरपताना साप चावलेली माणसं बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणताना मी लहानपणापासून बघितली आहेत. माझा चुलता तसाच गेला. औरादच्या फाट्यावर, गाडीची वाट बघत.

पण प्रयोगशाळेत माणूस नसतो. नळी असते. नळीवर नंबर असतो. आमच्या युनिव्हर्सिटीनं म्हणून एक योजना काढली. आमच्यासारख्यांनी काही महिने दवाखान्यात एका मोठ्या डॉक्टरच्या मागं सावलीसारखं फिरायचं. ज्या रोगावर काम करतो त्या रोगाचा माणूस डोळ्यांनी बघायचा. डॉक्टरनं हाताला धरून शिकवायचं आणि शेवटी काम पुरं झाल्याच्या कागदावर सही करायची. कल्पना चांगली आहे. एवढं सगळं होऊनही मी म्हणते, चांगली आहे.

मला एक गोष्ट शिकायची होती. काचेची कोरडी नळी घेतात. पेशंटचं ताजं रक्त तिच्यात घालून वीस मिनिटं खिडकीत ठेवतात. हलवायची नाही. मग एकदाच तिरपी करायची. रक्त घट्ट बसलेलं असलं तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष अजून आत काम करतंय, विषावरची लस द्यायची. या एका नळीवर माणूस जगतो की जातो ते ठरतं. मला ती नळी जिवंत माणसाच्या शेजारी उभं राहून, माझ्या हातानं तिरपी करायची होती. आणि सरांच्या वॉर्डातल्या पेशंटचं रक्त माझ्या प्रयोगाला हवं होतं. ते मिळालं तर माझा प्रबंध पुरा. नाही तर सगळं पाण्यात.

सर म्हणजे कलबुर्गीतलं मोठं नाव. मूळ घर अफजलपूरचं. घरात सगळे डॉक्टर, मास्तर, साहेब. पहिल्या दिवशी माझी मराठी ऐकून त्यांचा चेहरा फुलला. "अरे वा! इथं कन्नड मुलखात आपली भाषा कानावर पडली की बरं वाटतं." चहा मागवला. मला म्हणाले, बस. मी बसले. मला वाटलं, जिंकलं. भाषेनं दार उघडलं.

"गाव?"

"संतपूर."

"अरे, आमचे एक मामा तिथं हेडमास्तर होते. कुठली गल्ली?"

आमच्या भागात हा प्रश्न साधा नसतो. गल्ली सांगितली की सगळं सांगून होतं. वेगळी जात विचारावी लागत नाही, विचारणारा चांगलाही राहतो.

"ओढ्याच्या पलीकडची," मी म्हटलं.

"अच्छा," सर म्हणाले. कप खाली ठेवला. "आणि आई काय करते?"

मी सांगितलं. अभिमानानं सांगितलं, मूर्खासारखी. माझी माय तालुक्याच्या दवाखान्यात आया होती. जन्मभर. शाळा सुटली की मी तिच्याकडं वॉर्डात जायची, औषधांच्या खोक्यावर बसून अभ्यास करायची. मला वाटलं, यांना आवडेल. आयाची पोरगी, महाराची पोरगी, विषावर पीएच.डी. करते. कुणालाही आवडावं असं आहे ते.

"म्हणजे तू दवाखान्यातच वाढलीस," सर म्हणाले. "उत्तम."

त्या उत्तमचा अर्थ मला म्हातारीच्या पलंगापाशी कळला. मायनं लहानपणी शिकवलेलं, कुणी ओकायला लागलं की आधी भांडं, मग बाकीचं. मी तेच केलं. आजारी माणसाजवळ उभी होते, हात पोचत होता, केलं. सरांनी ते उचललं आणि माझ्या जातीच्या खात्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी राउंडला निघताना सर म्हणाले, "तू ॲप्रन काढून ठेव. खराब होतं. शिवाय पेशंटचा गैरसमज होतो."

श्रुतीच्या अंगावर ॲप्रन होतं. संगमेशच्या अंगावर होतं. श्रुती इथल्याच एका प्रोफेसरांची मुलगी, संगमेशचं आळंदला धान्याचं दुकान. तिघंही सारखेच. तिघांपैकी एकही डॉक्टर नव्हता. पेशंटचा गैरसमज फक्त माझ्याबद्दल होणार होता.

मी काढलं. घडी घालून सिस्टरच्या टेबलावर ठेवलं.

आणि सरांनी माझी जागा ठरवली. ते दोघं पेशंटच्या उशाशी, सरांच्या खांद्याला लागून. मी पायथ्याशी. "तू इथं बरी. हाताशी राहशील." हाताशी म्हणजे तसराळ्याशी, बादलीशी. उशाशी डोळे दिसतात, हिरड्या दिसतात, पेशंट काय बोलतो ते ऐकू येतं. पायथ्याशी पाय दिसतात आणि पलंगाखालचं बेडपॅन दिसतं. सर हळू बोलतात. अर्धं मला ऐकूच यायचं नाही. मी मान पुढं काढून ऐकायला बघायची, तेवढ्यात, "अगं, ते जरा उचल."

ते जरा उचल. हे जरा पूस. तिला जरा धर. सगळं गोड आवाजात. सर कधी ओरडले नाहीत. ओरडले असते तर भांडता आलं असतं.

एकदा संगमेशनं स्वतःहून ट्रे उचलायला हात घातला. सर म्हणाले, "तू राहू दे. शर्ट खराब होईल." त्यानं हात मागं घेतला. माझ्याकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं. पोरगा वाईट नाही. पण त्याचा शर्ट वाचला आणि तो गप्प बसला.

मग पेशंटचे नातेवाईक मला हाक मारायला लागले. "ए आया, पाणी दे की." "आयाबाई, चादर बदला." त्यांचा काय दोष? अंगावर ॲप्रन नाही, उभी पायथ्याशी, हातात फडकं. त्यांनी जे दिसलं ते म्हटलं. मी पाणी द्यायची. वॉर्डातल्या बाथरूममध्ये जाऊन रडायची. तोंड धुऊन परत यायची.

दर शनिवारी दुपारी आमची बैठक असायची. सेमिनार हॉलमध्ये वॉर्डातले डॉक्टर बसायचे, आमच्या युनिव्हर्सिटीच्या मॅडम यायच्या, त्या ही योजना बघतात. आम्ही एकेकानं उभं राहून सांगायचं, या आठवड्यात मी काय शिकलो. श्रुती छान सांगायची. ओघळलेल्या पापणीवरून विष कसं ओळखतात, नळी कशी बघतात. मी काय सांगणार? मी शुक्रवारी पुस्तकातून पाठ करायची. पाठ केलेलं घडाघडा म्हणायची. सर मान डोलवायचे आणि मॅडम म्हणायच्या, "व्हेरी गुड." मी बसायची.

असं कितीतरी शनिवार चाललं असतं. खजुरी गावची बाई आली नसती तर.

ती माझ्याच वयाची असेल. तुरीच्या रानात चावलेलं. नवरा तिला मोटारसायकलवर मधे बसवून, मागं भावाला धरायला लावून घेऊन आला होता. दातांच्या फटींतून रक्त. मी पायथ्याशी. ती माझ्याशी बोलायला लागली, कारण उशाशी सगळे इंग्रजीत बोलत होते.

"अक्का, मी मरायलाव का?"

"न्हाई ग," मी म्हटलं. "मरायचं न्हाई. रक्त बघायलेत. इंजेक्शन देतील."

"तू सांगायलीस म्हंजे खरं?"

"खरं."

तिचं रक्त नळीत घेतलं. नळी खिडकीत ठेवली. वीस मिनिटं मी त्या नळीकडं बघत होते. तीन वर्षं मी या रक्तावर काम करतेय आणि आता हे रक्त इथं आहे, ही बाई इथं आहे, तिनं मला अक्का म्हटलंय. वेळ झाली. सर म्हणाले, "चला, या." आम्ही तिघं खिडकीकडं निघालो.

"तू नको," सर मला म्हणाले. "त्या कोपऱ्यातल्या आजोबांना पॅन हवंय. रत्नम्मा कुठं गेली कोण जाणे. तू बघ जरा."

मी थांबले. सरांनी श्रुतीच्या हातात नळी दिली. श्रुतीचा विषय सापाचा नाही. तिचा विषय मधुमेह. ती म्हणाली, "सर, मी? तिचा विषय आहे ना?" एवढं बोलली बिचारी. सर म्हणाले, "ती नंतर बघेल."

नंतर काय बघायचं? नळी एकदाच तिरपी करतात.

मी आजोबांना पॅन दिलं. मागं खिडकीत सर म्हणत होते, "बघा, पाण्यासारखं." तिघांची डोकी एकमेकांना लागलेली. मला त्यांच्या पाठी दिसत होत्या.

पॅन घेऊन मी मोरीत गेले तर रत्नम्मा तिथंच होती. वॉर्डातली आया. बिदरकडची, आमच्याच बोलीची. मला वाटायचं, मी तिचं काम हलकं करते म्हणून ती माझ्यावर खूश असेल. तिनं माझ्या हातातलं पॅन ओढून घेतलं.

"कामून करायलीस हे?"

"सरांनी सांगितलं."

"मला कामून न्हाई सांगितलं? मी हितंच हाय. मी कुठं बी गेलती न्हाई." तिनं नळ सोडला. पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "मी हे केले तर मला पगार हाय. ड्यूटी हाय माझी. तू केलीस तर तुला काय हाय? तुझी माय बी आया होती म्हणतेस ना? मग तिनं तुला शाळेत कामून घातलं? हितं आणूनच उभी केली असती."

तिनं पॅन धुतलं, पालथं घातलं, हात पुसले आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेली. मी मोरीत एकटी उभी राहिले. फिनेलचा वास. माझ्या मायच्या पदराला हाच वास असायचा. मला त्या वासाची कधी लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही. माय ते काम करायची, पगार घ्यायची, घरी येऊन आंघोळ करून भाकरी थापायची. काम होतं ते. मला जे दिलं जात होतं ते काम नव्हतंच. रत्नम्मा हजर असताना मला बोलावलं जात होतं. सरांना घाण काढून हवी नव्हती. मी काढताना त्यांना बघायचं होतं.

हे कळलं आणि मी मोरीचं दार दणकन लोटून बाहेर आले. संतापानं. इतके दिवस मला वाटत होतं मला वाईट वाटतंय. वाईट वाटत नव्हतं, राग येत होता. मी त्याला ओळखत नव्हते.

संध्याकाळी मायला फोन केला. सगळं सांगितलं. माय खूप वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "सही घे बाई. तोंड बंद ठेव. थोडेच दिस राहिलेत. पुढं तुझं तू मोकळी."

"तू असंच करत होतीस काय ग?"

"व्हय. असंच करून तुला शिकवले."

मी फोन ठेवला. मायवर पण राग आला. आणि राग आला म्हणून रडू आलं. तिनं तोंड बंद ठेवलं म्हणून मी शिकले, हे खरं आहे. आणि शिकून मी पायथ्याशीच उभी होते, हेही खरंच होतं.

शनिवार आला. त्या आठवड्यात मी काही पाठ केलं नाही. हॉल भरलेला होता. सरांच्या ओळखीचे बाहेरगावचे दोन डॉक्टरही आले होते, योजना कशी चालते ते बघायला. श्रुती बोलली. संगमेश बोलला. माझी पाळी आली. मी पिशवीतून ॲप्रन काढलं, सगळ्यांसमोर घातलं, बटणं लावली आणि पुढं गेले. शेवटचं बटण दोनदा निसटलं.

मी म्हटलं, "या वॉर्डात मी काय शिकले ते आज सांगते. आजवर सांगितलं ते पुस्तकातलं होतं. तसराळं कुठल्या हातात धरायचं ते शिकले. पॅन कुठल्या मोरीत ओतायचं ते शिकले. ॲप्रन काढून पायथ्याशी उभं राहायला शिकले. आम्ही तिघं आलो. हे तिघांपैकी एकीलाच शिकवलं. नळी तिरपी करायला तिघांपैकी दोघांना शिकवलं. माझा विषय साप आहे. मी नळीला अजून हात लावलेला नाही. सर म्हणाले हे रक्तात असावं लागतं. मी रक्तावरच काम करते. रक्तात वाकणं नसतं. मी तीन वर्षं बघतेय, मला सापडलं नाही."



सर हसले. दुखावल्यासारखे हसले. "गैरसमज झालाय तिचा. मी तिला मुलीसारखं वागवतो."

"मग सोमवारी तुमच्या मुलीला पायथ्याशी उभी करा," मी म्हटलं.

सरांचं हसू गेलं. "सांगून झालं असेल तर बस."

"बसणार नाही. सर, ह्याचं उत्तर द्या. रत्नम्मा वॉर्डात असताना तुम्ही मला का बोलावत होता?"

मॅडम घाईघाईनं उठल्या. चहा झालाय म्हणाल्या. लोक उठले. खुर्च्यांचा आवाज झाला. श्रुती खाली बघत होती. संगमेश उभा राहिला, माझ्याकडं एक पाऊल आला आणि थांबला. बाहेरगावचे डॉक्टर मोबाइल बघत बाहेर पडले. मी पुढंच उभी होते. शेवटी हॉल रिकामा झाला तरी उभी होते. मागच्या दारात रत्नम्मा चहाचे कप गोळा करत होती. तिनं मान हलवली नाही, हसली नाही. कप गोळा करून गेली.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही गोड नाही. सरांनी सही करणार नाही म्हणून कळवलं. त्यांच्या वॉर्डातल्या पेशंटचं रक्त माझ्या प्रयोगाला मिळणार नाही, असा निरोप आला. माझे गाइड भले माणूस आहेत. घाबरट आहेत पण भले आहेत. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं आणि म्हणाले, "भावनेच्या भरात बोलले, एवढं म्हण. एकदा जाऊन म्हण. बाकी मी सांभाळतो. अगं, तुझं सगळं करिअर आहे."

"भावनेच्या भरात नव्हते बोलले," मी म्हटलं. "रोज गप्प बसत होते ते भावनेच्या भरात."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. माझ्यावर चिडले नाहीत, पण मदतही करणार नाहीत. ते मला तेव्हाच कळलं.

मायला सांगितलं. तिनं विचारलं, "जेवलीस का?" जेवले म्हटलं. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. ती खूश आहे की घाबरली आहे ते मला अजून माहीत नाही. तिला माझ्यामुळं झोप येत नसणार, हे माहीत आहे.

खजुरीची बाई वाचली. मी तिला भेटायला गेले तेव्हा ती पलंगावर बसून पेज पीत होती. मला ॲप्रनमध्ये बघून गोंधळली. म्हणाली, "अक्का, तू डॉक्टर हायस व्हय?"

"न्हाई. मी सापाच्या विषाचा अभ्यास करते."

"मग आदी कामून सांगितली न्हाईस?"

तो प्रश्न बरोबर आहे. मी आधी सांगायला हवं होतं. पहिल्या दिवशी, म्हातारीच्या पलंगापाशी, बाकीचे हसले तेव्हा.

युनिव्हर्सिटीत मी तक्रार दिली आहे. चौकशी होईल, नाही होईल. मला बोलावतील तेव्हा शनिवारी बोलले तेच बोलेन, एक शब्द कमी न करता. दुसऱ्या दवाखान्यात रक्त मागेन. तिथं नाही मिळालं तर तिसऱ्या. वर्ष जाईल, दोन जातील. विषय बदलणार नाही. माफी मागणार नाही.

आणि योजनेचे माझे महिने अजून संपलेले नाहीत. मला येऊ नको असं कुणी अजून सांगितलेलं नाही. सोमवारी राउंडच्या वेळेला मी वॉर्डात जाणार आहे, ॲप्रन घालून. कुणी ओकलं तर भांडं धरीन, आजारी माणसावर माझा राग नाही. पण उभी राहीन ती उशाशी. सरांच्या खांद्याला लागून. खिडकीत नळी असेल तर वीस मिनिटं तिच्यापाशी थांबेन आणि वेळ झाली की हात पुढं करीन.

काढ म्हणाले तर ॲप्रन निघणार नाही. त्यांना ते सगळ्या वॉर्डासमोर, स्वतःच्या हातानं काढावं लागेल.